मसुदा खुला असतो तेव्हा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी वर्गणी काढून आयएस ४५६ ची एक प्रत झेरॉक्स करून घेतली. काँक्रीटच्या बांधकामाचं हे देशातलं मूळ मानक. आमच्या हाती होती ती १९७८ सालची आवृत्ती. दर पानाला पैसे पडत होते, म्हणून नको ती पानं गाळायचं ठरलं. सुरुवातीची काही पानं नुसत्या नावांची होती: अध्यक्ष कोण, सदस्य कोण, कोण कुठल्या संस्थेतर्फे आलेला. त्यावर परीक्षेत प्रश्न येणार नव्हता. ती पानं आम्ही गाळली. पुढची बारा-चौदा वर्षं माझ्या टेबलावर जे मानक होतं, त्यात माणसंच नव्हती. ते वरून कुठून तरी आलं होतं आणि पाळायचं होतं, एवढाच त्याचा नि माझा संबंध.

२००० साली नवी आवृत्ती निघाली तेव्हा ती नावं शेवटच्या परिशिष्टात गेली होती. या वेळी पुस्तक विकत घेतलं होतं, त्यामुळे पानं जागेवर होती. साइटवरून येणाऱ्या एका फोनची वाट बघत असताना एका दुपारी मी ती यादी वाचत बसलो. सिमेंट आणि काँक्रीटची विषय समिती, क्रमांक सीईडी २. अध्यक्ष डॉ. एच. सी. विश्वेश्वरय्या. त्याखाली संशोधन संस्था, सरकारी खाती, सिमेंट उद्योगातली माणसं, सल्लागार. मानकांच्या अशा याद्यांत काही नावांसमोर संस्था नसतेच, 'वैयक्तिक नात्याने' असं लिहून राहता पत्ता दिलेला असतो. म्हणजे आपल्यासारखाच, दिवसभर बीम-कॉलमचे हिशेब करणारा एखादा माणूस हे नियम लिहायला बसू शकतो. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

ही पुस्तिका त्या गाळलेल्या पानांबद्दल आहे. वास्तुरचना, आरसीसी, पाया, प्लंबिंग, वीज, वातानुकूलन, अग्निसुरक्षा या इमारत उभी करणाऱ्या सगळ्या शाखांचे नियम कुठल्या ना कुठल्या समितीत बसून ठरवले जातात. काही समित्या दिल्लीला भारतीय मानक ब्युरोत आहेत, काही राज्याच्या नगरविकास विभागापाशी आणि काही आपल्या पुण्यात, व्यावसायिक संघटनांच्या छोट्या कार्यालयांत. तिथे कसं पोचायचं आणि पोचल्यावर काय करायचं, हे ज्यांनी केलं त्यांनीच पुढच्या पानांत लिहिलं आहे. मी या कामात उशिरा आलो. तो उशीर का झाला आणि त्यात काय निसटलं, हे सांगावं म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला.

समिती या शब्दाचा आपल्याकडे एक अर्थ पक्का झाला आहे. काहीतरी पडतं, माणसं मरतात, मग समिती नेमली जाते. पुण्याच्या आठवणीत तर हे खोल रुतलेलं आहे. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि त्यानंतर चौकशी आयोग बसला. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या बांधकामाच्या बाजूला, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच दुसरी भिंत पडली आणि सहा माणसं गेली. पुन्हा चौकशी झाली. चौकशी हवीच. पण खोदकामाच्या सुरक्षेचं मानक, आयएस ३७६४, पहिल्यांदा निघालं १९६६ साली आणि सुधारून निघालं १९९२ साली. कोंढव्याच्या आधी ते अनेक वर्षं कपाटात होतं. माणसं मेल्यावर बसते ती समिती आपल्याला माहीत आहे. माणसं मरू नयेत म्हणून आधी बसते तिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं, आणि मला बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

आता माझ्या उशिराची गोष्ट.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना २३० मिलिमीटरचा कॉलम माहीत असतो, नाव माहीत नसलं तरी. नऊ इंची भिंतीत लपून जाणारा कॉलम. हॉलच्या कोपऱ्यात त्याची कड बाहेर आली की कपाट बसत नाही, ग्राहक नाक मुरडतो, बिल्डर आर्किटेक्टला बोलतो, आर्किटेक्ट आरसीसीवाल्याला. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं २३० बाय ४५०, २३० बाय ६०० असे कॉलम देत आलो. १९९३ च्या आयएस १३९२० मध्ये, म्हणजे भूकंप सोसणाऱ्या काँक्रीटच्या लवचीकतेसाठीच्या मानकात, त्याला वाव होता. किमान रुंदी २०० मिलिमीटर; बीमचा गाळा ५ मीटरपेक्षा मोठा असेल किंवा कॉलमची आधाराविना उंची ४ मीटरपेक्षा जास्त असेल तरच ३००. त्याच मानकात रिंगेच्या हुकाविषयी एक ओळ होती: हूक १३५ अंशांत वळवायचा आणि वळणापुढे सळईच्या व्यासाच्या दहापट शेपूट ठेवायची, ७५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही.

आठच्या सळईची रिंग धरली तर शेपूट ८० मिलिमीटरची होते. २३० च्या कॉलममध्ये दोन्ही बाजूंचं चाळीस-चाळीस कव्हर सोडलं की मुख्य सळयांच्या बाहेरच्या कडांमध्ये १५० मिलिमीटर उरतात. सळया सोळाच्या असतील तर आतली मोकळी जागा त्याहूनही कमी. त्या जागेत एकाच कोपऱ्यातून दोन शेपट्या तिरक्या आत शिरतात. रिंगा दर शंभर मिलिमीटरला, आणि त्यांच्या हुकांचा कोपरा आलटून-पालटून फिरवायचा, म्हणजे वरून बघितलं तर चारही कोपऱ्यांतून शेपट्या आत आलेल्या. कागदावर हे बरोबर आहे. हूक गाभ्यात रुतलेला हवा, नाहीतर भूकंपात कव्हर उडालं की रिंग उघडते आणि सळई बाहेर फुगते. त्या नियमामागचं शास्त्र खरं आहे, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

एका साइटवर औसा तालुक्यातला एक फिटर होता. कसबी माणूस. मी हुकांवरून त्याला झापलं, कारण त्याने ते नव्वद अंशांतच सोडले होते. त्याने वाद घातला नाही. सेंटरिंगच्या प्लायवर खडूने त्याने कॉलमचा चौकोन काढला, रिंग काढली, दोन शेपट्या काढल्या, मग पलीकडच्या रिंगेच्या दोन काढल्या, आणि उरलेल्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाला, "साहेब, कागदावर तुमचा हूक बसतोय. हितं व्हायब्रेटरची नळी बसंना झालीय. मग खालचा माल पोकळ राहतोय. हूक धरू का माल धरू, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं की हूक धर आणि मालही धर. मानक मोडता येणार नव्हतं, म्हणून बारीक नळीचा व्हायब्रेटर मागवला आणि उभं राहून कॉलम भरून घेतले. त्या दिवसापुरतं ते योग्यच होतं. पण मी ऑफिसात परत आलो आणि पुढचं काम उघडलं. त्याचा आक्षेप कोणाला तरी कळवायचा असतो, कळवण्याची वाट आहे, मानकं दर काही वर्षांनी तपासायला निघतात आणि त्या वेळी असेच आक्षेप हवे असतात, हे माझ्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी स्लॅब भरला. प्लायवरचं ते चित्र काँक्रीटखाली गेलं.

२०१६ साली आयएस १३९२० ची सुधारित आवृत्ती आली. कॉलमची किमान रुंदी ३०० मिलिमीटर झाली होती आणि हुकाची शेपूट दहापटीवरून सहापटीवर, किमान ६५ मिलिमीटरवर आली होती. नळीला जागा झाली. समितीत त्यावर काय चर्चा झाली ते मी पाहिलं नाही, आणि त्या बदलाचं श्रेय कोणाच्या नावावर टाकणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दोन आकड्यांवर बोलण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं, एका फिटरने ते मला काढून दाखवलं होतं, आणि मसुदा लोकांपुढे खुला होता तेव्हा माझ्याकडून एक ओळही गेली नाही. तीनशेचा कॉलम आल्यावर मात्र आम्ही सगळेच बोललो. खोल्या लहान होतात, पार्किंगमध्ये गाडी वळत नाही, ग्राहक ऐकत नाही. ही बोलणी चहाच्या टपरीवर झाली. तोवर आकडा छापून झाला होता.

पार्किंगचंही तसंच. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसते कॉलम, आणि वर भिंतींनी भरलेले मजले ही पुण्याची नेहमीची इमारत. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अहमदाबादेत अशाच इमारती तळमजल्यावर बसल्या. २००२ च्या आयएस १८९३ ने, म्हणजे भूकंपरोधक रचनेच्या मूळ मानकाने, त्या मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बळ धरून करायला सांगितले. २०१६ च्या आवृत्तीने एका गुणकावर भागवणं सोडून अशा मजल्याला काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार देऊन ताठ करायची अट घातली. या दोन आवृत्त्यांमध्ये चौदा वर्षं गेली. त्या काळात पुण्यात किती पार्किंग उभी राहिली असतील ते डोळ्यांनीच बघावं, सिंहगड रस्त्यावरून एकदा चालत जावं. इथल्या प्रत्येक आरसीसी ऑफिसात त्या चौदा वर्षांचे हिशेब पडून आहेत. अडीचपट घेतल्यावर स्टील किती वाढलं, गाडीच्या वळणाला किती जागा उरली, भिंत कुठे घालता आली, कुठे नाही. एवढा अभ्यास देशात फार थोड्या शहरांकडे असेल, आणि तो आपापल्या कपाटात बंद आहे.

मानकाच्या एका ओळीचं वजन मला पहिल्यांदा कळलं ते मात्र पुण्यात नव्हे, किल्लारीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला तेव्हा व्यवसायात येऊन मला थोडीच वर्षं झाली होती. पाहणी करणाऱ्यांबरोबर गेलो. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मणामणाचा भार. भिंतीचा बाहेरचा थर एकीकडे आणि आतला दुसरीकडे पडलेला, मधली भर सांडलेली. दोन थरांना आरपार बांधणारा लांब दगड जवळजवळ कुठेच दिसला नाही. सुमारे आठ हजार माणसं त्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात तो भाग पहिल्या पट्ट्यात होता, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये पहिला पट्टा काढूनच टाकला. डॉ. आनंद स्वरूप आर्य अध्यक्ष असलेल्या समितीने ते केलं. नकाशावरची रेघ हललेली पाहिल्यावर मला कळलं की ती रेघ माणसं ओढतात, आणि पुरावा समोर आला की तीच माणसं ती पुन्हा ओढतात.

दगडी घरांत दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडव्या अंगाने १.२ मीटरच्या आत आरपार दगड हवा, असं सांगणारं मानक आहे, आयएस १३८२८. सालही १९९३. ते इंग्रजीत होतं. ज्या गवंड्याच्या हाताला ते लागू होतं त्याच्यापर्यंत ते कधी गेलं नाही. समितीचं काम छापखान्यापाशी संपत नाही, हे मी तिथे शिकलो. ज्या इमारतीसाठी नियम आहे ती बांधणारा माणूस समितीच्या टेबलापासून किती लांब आहे, हे प्रत्येक सदस्याला माहीत असायला हवं. आणि ते माहीत असणारा सदस्य बहुधा साइटवरूनच येतो.

आता वाट कशी आहे ते थोडं सांगतो. तपशील पुढच्या लेखांत आहेत.

मानक ब्युरोत स्थापत्यासाठी एक विभाग परिषद आहे आणि तिच्याखाली विषयवार समित्या आहेत. सीईडी २ काँक्रीटची, सीईडी ३९ भूकंप अभियांत्रिकीची, सीईडी ४६ राष्ट्रीय इमारत संहितेची. समितीखाली छोटे गट असतात, आणि खरं लिखाण तिथे होतं. मसुदा तयार झाला की तो सगळ्यांसाठी खुला करतात, बहुधा साठ दिवस, कधी त्याहून कमी. या मुदतीत देशातला कोणीही नागरिक त्यावर टिपणी पाठवू शकतो. सदस्यत्व लागत नाही, पदवीही लागत नाही. टिपणीचा ठरलेला तक्ता असतो: कलम कोणतं, आक्षेप काय, त्याऐवजी नेमके शब्द कोणते हवेत, आणि कारण काय. मानकंही आता ब्युरोच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. आम्ही वर्गणी काढली होती ते दिवस गेले, याचा मला मनापासून आनंद आहे.

तक्त्याच्या चार रकान्यांपैकी अवघड असतो तो तिसरा. आक्षेप कोणीही घेतो. त्या जागी कोणतं वाक्य हवं हे लिहायला बसलं की आपल्याला विषय किती कळला आहे ते आपल्यालाच दिसतं. मी पाठवलेली पहिली टिपणी साभार परत आली. 'हे कलम अव्यवहार्य आहे' असं मी लिहिलं होतं आणि पुढचा रकाना मोकळा सोडला होता. उत्तर सभ्य होतं: पर्याय सुचवलेला नाही, आकडेवारी दिलेली नाही. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या एका मसुद्यावर, मी तीन साइटचे क्यूब टेस्टचे निकाल जोडले. वाघोली, मोशी भागातल्या खाणींच्या काळ्या दगडाची क्रश सँड वापरून केलेलं काँक्रीट होतं. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यावर पुण्यात सगळ्यांनी हीच वाळू वापरली, आणि तिच्या टोकदार कणांनी पाणी किती मागितलं याची नोंद इथल्या प्रत्येक साइटवर आहे. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने तर पाडलेल्या काँक्रीटपासून केलेल्या खडीलाही रीतसर जागा दिली. मी जे पाठवलं ते त्या मानकावर नव्हतं आणि सगळं मान्यही झालं नाही. पण एका मुद्द्यावर समितीने पुढच्या बैठकीची तारीख कळवली आणि विचारलं, येऊन बोलाल का?

मी गेलो. खोलीत वीस-बावीस माणसं होती. प्राध्यापक होते, सरकारी खात्यांतले अधिकारी होते, उत्पादक होते. साइटवर रोज जाणारी दोघं-तिघंच. दुष्ट हेतूने कोणी त्यांना बाहेर ठेवलेलं नव्हतं. प्राध्यापकाला संस्था पाठवते, अधिकाऱ्याला खातं पाठवतं, उत्पादकाला कंपनी. छोट्या ऑफिसातला इंजिनिअर गेला तर त्याचे दोन दिवस बुडतात आणि तिकडे स्लॅब खोळंबतो. म्हणून माझी कळकळीची विनंती ऑफिस चालवणाऱ्यांना आहे. तुमच्याकडचा एखादा तरुण अशा कामाला जाऊ इच्छित असेल तर ते दोन दिवस त्याच्या रजेतून कापू नका.

उत्पादकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कंपनीचा माणूस समितीत असतो तो कंपनीचा फायदा बघायलाही असतो, आणि ते लपलेलं नसतं. रसायन, सळई, ब्लॉक, पाइप यांबद्दलचं सगळ्यांत बारीक ज्ञान बहुधा त्यांच्याकडेच असतं, त्यामुळे त्यांना बाहेर ठेवून चांगलं मानक होत नाही. समितीत उत्पादक, वापरणारे, तंत्रज्ञ आणि नियम राबवणारे यांचा तोल राखायचा असतो. पण वापरणारी बाजू रिकामी राहिली तर तो तोल आपोआप ढळतो. आणि आपणही कोणाकडून तरी काम घेत असतो. आपल्या एखाद्या बिल्डरच्या प्रकल्पाला ज्या कलमाचा थेट फायदा आहे त्यावर बोलण्याआधी ते सांगून टाकावं, आणि मत द्यायची वेळ आली की बाजूला व्हावं. एकदा विश्वास गेला की माणूस कितीही हुशार असो, पुढे त्याचं म्हणणं सगळे वळसा घालून ऐकतात.

दिल्ली लांब वाटत असेल तर सुरुवात गावातच होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं पुणे केंद्र, आर्किटेक्ट्स, इंजिनिअर्स अँड सर्व्हेयर्स असोसिएशन, इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स, इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट, वातानुकूलनवाल्यांची इश्रे, इंडियन प्लंबिंग असोसिएशन या सगळ्यांची पुण्यात शाखा किंवा केंद्र आहे आणि सगळ्यांना काम करणारी माणसं कमीच पडतात. पहिलं वर्ष बहुतेकांचं सभागृह ठरवणं, निमंत्रणं पाठवणं आणि इतिवृत्त लिहिणं यात जातं. ते काम हलकं समजू नये. मी इतिवृत्त लिहायला लागलो तेव्हाच समितीत निर्णय कसा होतो ते शिकलो. तासभर वादावादी होते आणि शेवटी एक वाक्य उरतं. ते वाक्य नेमकं कसं लिहिलं गेलं यावर पुढचं वर्ष चालतं.

शहराचे नियमही असेच खुले होतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१३ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. राज्य सरकारची मंजुरी मिळाली ५ जानेवारी २०१७ ला. ८७ हजार हा आकडा शहर जागं असल्याची खूण आहे, याचा मला अभिमान आहे. पण हरकत म्हटली की मनात पहिल्यांदा येतो आपल्या जमिनीवरचा आरक्षणाचा ठिपका. गल्लीची रुंदी आणि अग्निशमनाची गाडी, चढाची तीव्रता आणि व्हीलचेअर, उतारावरचं खोदकाम आणि शेजारची भिंत, यांवर बोलणारा माणूस त्या ढिगात सापडायला हवा, आणि ते बोलणं आर्किटेक्ट-इंजिनिअरनेच करायचं असतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून सगळ्या महाराष्ट्राला. तेव्हापासून पुण्यात तपासलेली एखादी त्रुटी गडचिरोलीच्या नगरपालिकेतही कामी येते. पुण्यातल्या संघटनांच्या अभ्यासगटांवरची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

यातली मला सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे शाखाशाखांमधल्या भिंती इथे पडतात. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० साली निघाली आणि २०१६ ची आवृत्ती दोन जाड खंडांची आहे. आग, रचना, प्लंबिंग, वीज, प्रकाश, लिफ्ट सगळं तीत आहे. ऑफिसात आम्ही आपापला भाग उघडतो. अभ्यासगटात बसलं की प्लंबिंगवाला डक्टची रुंदी काढतो. फ्लॅटच्या दोन संडासांमधल्या त्या अरुंद डक्टमध्ये पाइप फुटला तर प्लंबरने कुठे उभं राहायचं? आर्किटेक्ट म्हणते, रुंदी वाढवली तर चटईक्षेत्रात धरतात का ते आधी सांगा. अग्निसुरक्षावाला म्हणतो, प्रत्येक मजल्यावर तो डक्ट बंद नसेल तर धूर त्यातूनच वर जाणार. मी म्हणतो, तिथे माझा बीम आहे. एका डक्टवर दोन संध्याकाळ जातात, आणि त्या दोन संध्याकाळी मला कुठल्याही महागड्या परिषदेपेक्षा जास्त देऊन गेल्या आहेत.

जगात इतरत्रही हे असंच चालतं. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या वर्षातून दोनदा भरणाऱ्या अधिवेशनांत समित्यांच्या बैठकांना पाहुणा म्हणून कोणीही जाऊन बसू शकतो, विद्यार्थीसुद्धा. काँक्रीटचं त्यांचं मुख्य मानक ३१८ ज्या खोलीत घडतं तिथेही. आपल्या संघटनांनी तांत्रिक समितीच्या बैठकीत मागच्या रांगेत चार खुर्च्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात असं मला फार वाटतं. १८५४ पासून इंजिनिअर घडवणारं कॉलेज या गावात आहे, खडकवासल्याला १९१६ पासूनचं जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वास्तुकलेची कितीतरी महाविद्यालयं आहेत. चार खुर्च्या भरायला वेळ लागणार नाही.

आणि एक खुर्ची फिटरसाठी. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. आमच्या अभ्यासगटात सळईच्या बारकाव्यांवर चर्चा असली की आम्ही आता एखाद्या बारबेंडरला किंवा सुपरवायझरला बोलावतो, त्याची दिवसाची मजुरी देतो आणि फळ्यावर खडू त्याच्या हाती देतो. इंग्रजी मसुद्याचं कलम आधी मराठीत वाचून दाखवतो. त्याला न कळलेलं वाक्य बऱ्याचदा आम्हालाही नीट कळलेलं नसतं, हे तेव्हाच उघड होतं. बैठक संपली की फळ्याचा फोटो काढून तो टिपणीला जोडतो. औशाच्या त्या फिटरची गाठ पुढे पडली नाही. आज तो कुठल्या शहरात सळई बांधतो आहे, मला माहीत नाही.

या पुस्तिकेतल्या लेखकांनी आपले फेटाळलेले प्रस्तावही छापायला दिले आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार. शेवटच्या दोन पानांवर टिपणीचा कोरा तक्ता दिला आहे, चारही रकान्यांसह. झेरॉक्स काढताना ती दोन पानं गाळू नका.